सोप्यातले तात्या

"ह्यो बघा हिंदुराव. डावीकडनं तिसरा."

गणपतआबांनी फोटोवर बोट ठेवलं आणि सोप्यात सगळे त्याच्याभोवती गोळा झाले.

सोपा म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. तिथल्या कॉटवर पेपर पसरून आबांनी तो फोटो मांडला होता. केरळात, त्रिचूरला, एका दुकानाच्या पायरीवर काढलेला. धोतर, कोट, काळी टोपी घातलेले सातआठ बापे ओळीनं उभे. तिसरा होता तो चाळिशीचा, रुंद खांद्यांचा. वर पिळदार मिशी, खाली हनुवटी घोटून गुळगुळीत. कॅमेऱ्याकडं अशा नजरेनं बघत होता, की फोटोग्राफर बिचारा पुढं उभा कसा राहिला देव जाणे.

माझे थोरले दीर, संपतभावजी, फोटोवर वाकले, सरळ झाले आणि म्हणाले, "हे आमचं तात्या न्हवं."

"आरं, न्हवं म्हंजी?" आबा उडालेच. "एका खोलीत ऱ्हायलोय त्याच्याबरूबर. मी वळखंना व्हय हिंदुरावला?"

"मंग ह्ये कोण?" भावजींनी भिंतीकडं हात केला.

सगळ्यांनी माना वर केल्या. भिंतीवर आमचे सासरे होते. कैलासवासी हिंदुराव हसबे, खिडकीएवढ्या तैलचित्रात. सत्तरीच्या पुढचा म्हातारा, छातीवर रुळणारी पांढरी दाढी, डोक्याला फेटा, खांद्यावर घोंगडी, हातात पानाची चंची. मागं सगळा अंधार आणि तोंडावर तेवढा एका अंगानं पडलेला उजेड. डोळे ओलसर, आत्ता काहीतरी विचारतील असे.

आबांनी चष्मा पुसून परत लावला. सगळी हयात केरळात काढून ते नुकतेच गावी परतले होते आणि आमच्या घरात पहिल्यांदाच आले होते. "ह्यो म्हातारा कोण ते मला काय म्हाईत? घर तुमचं, भित तुमची. तुमीच सांगा."

मला हसू फुटत होतं, पण यांचं तोंड बघितलं आणि दाबलं. आमचे हे, शहाजीराव, दोन्ही हातांत फोटो धरून नुसते बघत बसले होते. तात्या गेले तेव्हा हे रांगत होते. बाप कसा दिसायचा ते त्यांना ठाऊकच नव्हतं, जे काय होतं ते भिंतीवरचं.

गोष्ट शहाऐंशी-सत्त्याऐंशीची असेल. आमचं गाव विट्याच्या पुढचं. तिकडची निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचं काम, आणि तेही मद्रास, केरळ, कलकत्ता अशा मुलखात जाऊन. आमच्या गावातनं पहिल्यांदा बाहेर पडले ते तात्या. मागनं त्यांनी एकेक करत गावातली बरीच पोरं तिकडं नेली. ते त्रिचूरलाच तापानं गेले, अग्नीही तिकडंच दिला. आता गावात गलाई मंडळाचं सभागृह झालं होतं आणि उद्घाटनाला तात्यांचं चित्र लागणार होतं.

"शैलाबाई ड्रॉइंगच्या मास्तरीण हायत न्हवं?" आबा माझ्याकडं वळले. "ह्या फोटोवरनं मोठ्ठं रंगीत काढा. सभागृहाला एक आन् घराला एक. ह्यो म्हातारा तेवढा खाली घ्या. भाईरगावची माणसं येणार, तिकडं एक हिंदुराव आन् हिकडं दुसराच, लोकं हसतील की."

"काढंल, काढंल," हे म्हणाले.

आतल्या दाराशी माझ्या सासूबाई, हौसाबाई, डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. त्यांना कुणी विचारलं नाही. "च्या टाकते," एवढं म्हणून आत गेल्या. आबा अर्धा तास बसले, उठून गेले, तरी चहा काही बाहेर आला नाही.

आता मला त्या चित्राबद्दल जे ठाऊक होतं ते सांगायला हवं. लग्न होऊन घरात आले, देवाच्या पाया पडलो, मग तात्यांच्या. मान वर केली आणि मी तशीच थिजले. अगं बाई, हा म्हातारा माझ्या ओळखीचा! कोल्हापूरला ड्रॉइंग टीचरचा कोर्स करताना आमच्या वर्गात युरोपातल्या चित्रांचं एक जाडजूड पुस्तक होतं. सतराव्या शतकातली, बरोक म्हणतात त्या धाटणीची चित्रं. सगळा अंधार आणि त्यातनं वर आलेली माणसं. त्यात हा होता. खाली 'वृद्धाचे व्यक्तिचित्र' एवढंच छापलेलं, ना त्याचं नाव ना काढणाऱ्याचं. परीक्षेसाठी त्याच्या सुरकुत्या गिरवून गिरवून मी कंटाळले होते. त्याच्या डोक्यावरच्या मखमली टोपीचा इथं फेटा झाला होता. केसाळ कॉलरची घोंगडी झाली होती. हातात हातमोजे होते, ते काय आहे हे आमच्याकडच्या पेंटरला कळलं नसणार, त्यानं सरळ चंची करून टाकली होती. बाकी नाक, डोळे, दाढी, उजेड, सगळं जसंच्या तसं.

नव्या नवरीनं काय बोलायचं? तुमचे वडील युरोपात होते का, असं विचारू? आडून आडून चौकशी केली, तर डोकं आणखीच फिरलं. तात्या गेले चाळिशीत, मग दाढी पांढरी कशी? हे म्हणाले, काळजीनं. शेजारची काकू म्हणाली, नवस असंल. एक चुलतसासरे म्हणाले, पेंटरजवळचा काळा रंग मागच्या अंधारालाच सगळा संपला असंल. आत्याबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "तुला काय करायचंय? मेथी निवड." मी मेथी निवडली.

पण आत्याबाईंचा त्या चित्रावर जीव होता, तो मात्र दिसायचा. सकाळचा पहिला चहा घेऊन त्या कॉटवर बसायच्या आणि चित्राशी बोलायच्या. "ऐकलं का," इथनं सुरुवात. गाय आटली, शहाजीला सोसायटीत बढती मिळाली, धाकट्या सुनेच्या हातनं मीठ जास्त पडतं. कधी रुसायच्या, "आज बोलणार न्हाई तुमच्यासंगं," आणि चहा संपायच्या आत परत बोलायला लागायच्या. माझ्या जित्या नवऱ्याशी मी एवढं बोलत नव्हते. त्यामुळं तो म्हातारा खाली उतरवायचा म्हटल्यावर माझ्या मनात पहिलं हेच आलं. या बाईनं सकाळी कुणाशी बोलायचं?

आणि दुसरीकडं हे. रात्रभर फोटो उशाशी. सकाळी आरशासमोर उभं राहून फोटोतले कान आणि आपले कान ताडून बघत होते. "शैला, बघ, पाळ्या अगदी माझ्याच. आज तुझ्या हातनं मला बाप दिसणार बघ." मी काय सांगू यांना? की थांबा, आधी तुमच्या आईला विचारूया?

हे कामावर गेले. थोरल्या जाऊबाई मुलांना घेऊन माहेरी होत्या, घर मोकळंच होतं. मी सोप्यात बोर्ड मांडला, फोटोवर चौकटी आखल्या, कागदावर मोठ्या चौकटी आखल्या आणि कोळशानं काढायला घेतलं. आत्याबाईंनी चहा स्वयंपाकघरात घेतला, दाराकडं पाठ करून. आयुष्यात पहिल्यांदा. भाकरी तशीच ताटात.

मी आत जाऊन म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. म्हाताऱ्याचं चित्र आपण आतल्या खोलीत लावू."

"आन् सोप्यात?"

"सोप्यात हे नवीन. सगळे म्हणतात म्हणून."

त्या उठल्या आणि म्हशीला आंबोण घेऊन गोठ्याकडं चालत्या झाल्या. चित्र हलणार म्हणून राग म्हणावा, तर त्या चित्राबद्दल बोलतच नव्हत्या. मला काही कळेना.

दुपारी भावजी शेतावरनं आले ते थेट माझ्या बोर्डासमोर उभे राहिले. "शैला, हे काढू नगंस."

"का पण, भावजी?"

"तात्या न्हवं म्हणून सांगितलं न्हवं काल?"

"आबा एका खोलीत राहिलेत त्यांच्याबरोबर."

"आबाला आता म्हस का रेडा कळत न्हाई."

"कान बघा. ती हनुवटीतली खळी बघा."

"जगात लई हनुवट्या हायत."

"तुम्ही तर तात्यांना बघितलंय. चांगले नऊ-दहा वर्षांचे होता."

"म्हणून तर सांगतोय!" ते ओरडले.

भावजी कधी आवाज चढवायचे नाहीत. मी दचकले आणि मग माझीच सटकली. सकाळपासनं एकजण रडायच्या बेतात, एकजण उपाशी, एकजण खुळ्यासारखा हट्ट करतोय आणि मधल्यामधी मी. मी कोळसा उचलला. भावजींना दाढी होती. आमच्या गावात तेव्हा दाढीवाले दोनच, एक मठातले महाराज आणि दुसरे आमचे भावजी. आत्याबाई कायम मागं लागायच्या, काढ की ते झुडूप तोंडावरचं. भावजी चित्राकडं बोट दाखवायचे, तात्यांवर गेलोय म्हणायचे. मी म्हटलं, "थांबा, दाखवतेच," आणि कागदावरच्या माणसाला गालापासनं हनुवटीखालपर्यंत काळीभोर दाढी काढली.

कागदावर संपतभावजी उभे राहिले. कपाळ, भुवया, डोळ्यांची ठेवण, सगळं तेच. मी काढलं होतं तरी मीच चरकले.

"झालं समाधान?" मी म्हटलं. "बापाचं तोंड तुमच्या तोंडावर आहे, भावजी. दाढीखाली."

ते कागदाकडं पाठ करून वळले. कॉटवर जाऊन बसले.

"पूस," मागनं आवाज आला. आत्याबाई गोठ्यातनं आल्या होत्या, हाताला पेंड लागलेली तशीच.

"दाढी पुसू?"

"समदंच पूस."

मी फडकं घेतलं आणि नुसती उभी राहिले. आत्याबाई आत आल्या, फोटोकडं न बघता तो उलटा करून ठेवला आणि भावजींच्या शेजारी बसल्या.

"त्योच हाय ह्यो," त्या म्हणाल्या. "काल आबानं कागद सोडला तवाच वळखला मी."

"मग भिंतीवरचे?"

"त्यो मी निवडला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यांनी पदर मागं सारून डाव्या कानावर हात ठेवला. "ह्या कानानं मला ऐकू येत न्हाई, त्ये काय जलमापासनं न्हाई, शैला. दोन सालातनं एकदा यायचा. गावात पेढं वाटायचा, लोकं म्हणायची देवमाणूस. आन् आत कडी लावली की मला धरून हाणायचा. कारण बी लागायचं न्हाई. त्यो आला म्हणून गाव हसायचं आन् मी दिस मोजायची, कवा जातोय."

मी फडकं बाजूला ठेवलं. तीन वर्षं या बाईच्या हाताखाली नांदत होते आणि मला याचा वाससुद्धा नव्हता.

"गेल्याचा सांगावा आला तवा रडले. खोटं न्हाई रडले, दोन पोरं हुती पदरात. मग दीर म्हणलं, घरात फोटू पायजे, पोरांनी कुणाच्या पाया पडायचं? फोटू तर न्हवताच. त्यांनी इट्याचा पेंटर आणला. त्यो इचारतोय, नाक कसं हुतं, डोळं कसं हुतं. मला सांगवंना. सांगितलं आसतं तर काढला आसता न्हवं त्यानं? आन् मी परत त्याच्याम्होरं! मग पेंटरनं त्याचं बुक दिलं. म्हणला, ह्यातलं नाक दावा, ह्यातलं डोळं दावा, आमी आसंच जुळवतो. पानं उलटता उलटता ह्यो घावला." त्यांनी वर बघितलं. "आसा बघत हुता, जणू इचारतोय, बाई, जेवलीस का? म्हणलं, नाक-डोळं काय नगं, ह्योच काढा. पेंटर म्हणला, आवो बाई, ह्यो म्हातारा हाय, गोरा सायेब हाय, तुमचं मालक चाळिशीचं. म्हणलं, नवरा माझा का तुमचा?"

मला हसू आलं आणि हसता हसता रडूच यायला लागलं. "आणि दिरांनी चालवून घेतलं?"

"त्यास्नी काय, फेटा दिसला की झालं. त्यो घरात कितीसा ऱ्हायला हुता? धा वर्सांत लोकं खरं तोंड इसरली बी. पोरांस्नी तर काय, ह्योच बाप."

"मला न्हाई," भावजी म्हणाले.

आत्याबाईंनी त्यांच्याकडं वळून बघितलं.

"मला ठावं हाय, आई. कणगीमागं झोपायचो मी. झोपायचो कुटला."

"तू तर म्हणायचास, तात्यांवर गेलोय..."

"तुला बरं वाटायचं म्हणून म्हणायचो. तुला वाटायचं, मला काय आठवत न्हाई. म्हटलं, वाटू दे."

भावजींनी दाढीतनं हात फिरवला. "आन् ही... नुकती मिसरूड फुटली हुती बघ. बैल पेरणीत शिरला म्हणून मी वरडत आलो, हातात चाबूक. तू चुलीपाशी हुतीस. माझ्याकडं बघितलंस आन् डोस्क्यावर दोन्ही हात घेतलंस, आसं. माझ्याकडं बघून, आई. आत जाऊन आरशात बघितलं तर त्योच. तवापासनं वस्तरा लावला न्हाई मी."

आत्याबाईंनी पेंडीचे हात तसेच त्यांच्या तोंडावरनं फिरवले. "आन् मी मेली झुडूप म्हणत बसले," त्या म्हणाल्या आणि लहान पोरासारख्या हुंदके द्यायला लागल्या. मी त्यांना तशा रडताना आधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही.

उंबऱ्यात हे उभे होते. जेवायला आले होते. कधी आले, किती ऐकलं, देव जाणे; चेहऱ्यावरनं वाटत होतं की सगळं.

"मला का सांगितलं न्हाई कुणी?" हे आत आले. "मी कुणाच्या पाया पडत आलो मग? माझा बाप कोण ह्यातला? ह्यो का त्यो?"

मला यांचा राग आला आणि दयाही आली. मला तरी कुठं कळत होतं? तीन वर्षं मीही त्या परक्या म्हाताऱ्याला सासरा म्हणून वाकत होते.

आत्याबाईंनी डोळे पुसले. "हिकडं ये, शहाजी. तू रांगत हुतास. त्या चित्राखाली तुला निजवायची मी. म्हणलं, संपतनं बघायचं ते बघितलं. ह्या पोराला तरी बाप चांगला मिळू दे. म्हणून तर इतका बघून निवडला."

हे खाली बसले आणि त्यांनी आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिशीतला बाप्या माणूस. भावजी उठून बाहेर गेले.

संध्याकाळी आत्याबाईंनीच निकाल दिला. मी चित्र काढायचं नाही. आबांनी फोटोच विट्याच्या स्टुडिओत मोठा करून घ्यावा. "सभागृहात त्योच लावा. त्यानं माणसं नेली, त्यांची घरं उभी ऱ्हायली, त्ये काय खोटं न्हाई. गावाला त्यो चांगलाच हुता, तर गावानं लावावा. माझ्या घरात ह्यो ऱ्हाईल." आबांना काय सांगितलं? सांगितलं, आम्हाला याची सवय आहे. आबा म्हणाले, "सवयीला काय विलाज न्हाई बा," आणि विषय संपला.

उद्घाटनाला सगळं गाव लोटलं. केरळातनं, मद्रासातनं माणसं आली होती. स्टेजवर तात्यांचा मोठा केलेला फोटो, तीच मिशी, तीच नजर. माइकवरनं पुकारलं, "कैलासवासी हिंदुरावांच्या धर्मपत्नी श्रीमती हौसाबाई यांनी प्रतिमेला पुष्पहार अर्पण करावा." मला वाटत होतं त्या येणारच नाहीत. पण नवं लुगडं नेसून आल्या होत्या. मी कोपराला धरून त्यांना वर नेलं, आमचे हे मागं. भावजी खाली, अगदी शेवटच्या ओळीत, भिंतीला टेकून उभे होते.

कुणीतरी आत्याबाईंच्या हातात झेंडूचा जाडजूड हार दिला. त्या फोटोसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी मान वर करून त्याच्याकडं बघितलं. सरळ, डोळ्यांत डोळे घालून, बराच वेळ. खाली बायका डोळ्यांना पदर लावत होत्या, म्हातारीला नवरा आठवला म्हणून.

मग त्या मागं वळल्या आणि हार यांच्यापुढं धरला. माइकला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाल्या, "तू घाल, शहाजी. तुला त्यानं कवा मारलं न्हाई."

हे पुढं झाले, हार घातला आणि तिथंच उभे राहिले. खाली टाळ्या वाजत होत्या.